दुसऱ्या टोकाचा माणूस

बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच विषय चर्चेला येतो. अभियांत्रिकी, परिचर्या, औषधनिर्माण, वाणिज्य ही नावे आता आईवडिलांच्या ओळखीची झाली आहेत. त्या वाटांच्या शेवटी काय आहे हे त्यांना ठाऊक असते, निदान तसे वाटत तरी असते. परंतु अलीकडे एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी एक अनोळखी नाव घेऊन घरी येते : आंतरराष्ट्रीय घडामोडी आणि जागतिक संस्कृती यांचा पदवी अभ्यासक्रम. तीन किंवा चार वर्षे इतर राष्ट्रांचा इतिहास शिकायचा. त्यांच्या भाषा, त्यांचे धर्म, त्यांच्यातील व्यापार, तह आणि युद्धे यांचा अभ्यास करायचा. वडील सारे शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "ते ठीक आहे, पण पुढे काय?"

हा प्रश्न रास्त आहे. पोटापाण्याचा विचार करणारा बाप कोत्या मनाचा ठरत नाही. पण या प्रश्नाच्या आड आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि तो सहसा कोणी उच्चारीत नाही. घरी शेत आहे, म्हातारी माणसे आहेत, गावात उन्हाळ्यात पाण्याची ओरड आहे. अशा वेळी तारुण्याची चार वर्षे आणि घरची शिल्लक दूरच्या माणसांना जाणून घेण्यासाठी खर्च करणे नीतीला धरून आहे काय? दूरच्या जगाचे ज्ञान हे माणसाचे कर्तव्य आहे, की ती सुखवस्तू घरांची हौस आहे?

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी मी वाचकांना दिल्लीला किंवा जिनिव्हाला नेणार नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके आपल्याला पुरेसे आहेत. डोंगरकपारीतला कोपरा म्हणून आपण त्यांच्याकडे पाहतो. पण जग तेथे दोन हजार वर्षांपासून ये-जा करीत आले आहे.

तत्पूर्वी या विद्येच्या जन्माकडे पाहिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले स्वतंत्र अध्यासन १९१९ साली वेल्समधील अॅबरिस्टविथ येथील महाविद्यालयात स्थापन झाले. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ त्यासाठी देणगी देण्यात आली होती. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्जटाऊन या येशूसंघीयांच्या विद्यापीठात फादर एडमंड वॉल्श यांच्या नेतृत्वाखाली परराष्ट्र सेवेचे विद्यालय सुरू झाले. आपल्याकडे १९५५ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था निघाली आणि १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. म्हणजे या विद्येचा पहिला पाळणा तरुण मुलांच्या थडग्यांशेजारी हलला आहे. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या लक्षावधी माणसांनी एकमेकांना ठार मारले. ज्यांना मारले ते कोण होते, हे जाणण्याची गरज त्यानंतर वाटू लागली. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे या अभ्यासाला निव्वळ हौस म्हणण्यास जीभ कचरते.

आता जुन्नरकडे वळू.

कोकणातून वर चढणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातला राजमार्ग. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने देशावर येत असे. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांचे आकडे कोरलेले असून भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. जवळच दगडात कोरलेला रांजण आहे; जकातीची नाणी त्यात टाकीत असत, असे परंपरा सांगते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले समुद्रप्रवासाचे मार्गदर्शक पुस्तक उपलब्ध आहे. पेरिप्लस या नावाने ते ओळखले जाते. त्यात कल्याण बंदराविषयी एक लक्षणीय नोंद सापडते. पूर्वी हे बंदर व्यापाराला खुले होते, पुढे तेथे अडथळे आले, आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. शक क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातील झगड्याशी या नोंदीचा संबंध अभ्यासक जोडतात. त्या झगड्याची खूण जुन्नरमध्येही आहे : मानमोडीच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा शिलालेख आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर ही बंदराची नाकेबंदी होती आणि तिचे परिणाम घाटावरच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचत असले पाहिजेत. घाटात ओझी वाहणाऱ्या हमालाने पश्चिमेकडचा समुद्र कदाचित कधी पाहिलाही नसेल, तरी त्याची त्या दिवशीची भाकरी त्या समुद्रावरील राजकारणाने ठरत होती. जगाची बातमी आपल्याला नसली, म्हणून जग आपल्याला सोडून देत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा त्याच डोंगरांतील लेण्यांचा. जुन्नरच्या आसमंतात दोनशेहून अधिक खोदीव लेणी आहेत. तेथील तीन शिलालेखांत दात्यांनी स्वतःला यवन म्हणवून घेतले आहे. ही माणसे ग्रीक होती की पश्चिमेकडील आणखी कोणी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यांनी काय दिले ते पाहण्यासारखे आहे. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, खोदून दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. तिसऱ्याने, चंद याने, लेण्याच्या दर्शनी भागाचे काम करून दिले. परक्या देशातून आलेल्या माणसाने येथील संघाला पाण्याची टाकी द्यावी, यात भाविकतेइतकीच समजही आहे. पाऊस चार महिने कोसळतो आणि आठ महिने दगड कोरडे राहतात, हे त्याने ओळखले होते. दुसऱ्याच्या संस्कृतीचा अभ्यास म्हणजे काय, असे कोणी विचारले तर त्या टाक्यांकडे बोट दाखवावे. त्यांना कशाची तहान आहे हे ज्याला कळले, त्याला ते लोक कळले.

पण जग नेहमीच दान घेऊन येत नाही. सोळाव्या शतकात इथिओपियातला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. हात बदलत बदलत बगदादमार्गे तो दख्खनेत पोहोचला. हाच पुढे मलिक अंबर झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले, निजामशाहीचा कारभार हाकला, आणि त्याच्या काळात जुन्नर हे काही वर्षे त्या राज्याच्या राजधानीचे ठिकाण होते. १६२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. चारच वर्षांनी जवळच्या शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. आपण इतिहासाच्या पुस्तकात मलिक अंबरची जमीनमहसुलाची पद्धत पाठ करतो. एका आईचे मूल बाजारात विकले गेले, त्या बाजाराचा एक फाटा जुन्नरपर्यंत येत होता, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. जगाचा अभ्यास करणाऱ्याला हा बाजारही पाहावा लागतो.

येथे एक गंभीर आक्षेप पुढे येतो. परक्यांना जाणून घेणे ही गोष्ट स्वभावतःच पवित्र आहे काय? इतिहास तसे म्हणू देत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ साली मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला आला. त्याने या प्रदेशाचे बारकाईने वर्णन लिहिले. दीडशे वर्षांनी कर्नल साइक्स याने येथील लेण्यांतील लेखांच्या नकला करून १८३७ साली प्रसिद्ध केल्या. हा साइक्स मुंबई सरकारच्या नोकरीत सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी होता. त्याची ज्ञानलालसा खरी होती, यात शंका नाही. पण ते ज्ञान अखेरीस कोणाच्या कपाटात जाऊन बसले? राज्य करणाऱ्याच्या. ज्याच्यावर सत्ता गाजवायची त्याची भाषा, जात, पीक, सण हे सारे आधी समजून घ्यावे लागते. औषध देणारा आणि विष घालणारा, दोघांनाही शरीराची माहिती असावी लागते.

आपणा ख्रिस्ती वाचकांना या प्रश्नाचा दाखला घरातच सापडतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले, साष्टी भागात राहिले, आणि १६१६ साली त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. परदेशी माणसाने मराठी ओवी अशी आपलीशी करावी, याचे आपल्याला कौतुक आहे आणि ते असावे. परंतु त्याच साष्टीत १५६७ साली देवळे पाडण्यात आली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले, आणि त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून पोर्तुगीज सत्तेने ठार केले. स्टीफन्स यांची ओवी या भूमीत उगवली. ती गोड आहे म्हणून आजूबाजूचे रक्त विसरावे, हे बरोबर नाही. आणि रक्त सांडले म्हणून ओवी खोटी ठरवावी, हेही बरोबर नाही. दोन्ही सत्ये एका ओंजळीत धरून ठेवणे कठीण असते. या अभ्यासक्रमातून मुलाला काही मिळवायचे असेल तर ही कठीण ओंजळ धरण्याची सवय मिळावी.

मग परक्याला जाणण्याचा योग्य मार्ग कोणता? याचे उत्तर मला आंबेगाव तालुक्याच्या एका गावाने दिले.

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. गरीब शेतकऱ्याच्या घरी १९०८ साली जन्मलेले बाबू गेनू पोटासाठी मुंबईला गेले आणि गिरणीत मजूर झाले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेला ट्रक अडविण्यासाठी ते रस्त्यात आडवे झाले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. वय अवघे २२ वर्षांचे. त्या दिवसाची आठवण म्हणून १२ डिसेंबर हा स्वदेशी दिन म्हणून पाळला जातो. ही हकीकत मराठी मुलांना शाळेत समजते.

त्या कापडाचे दुसरे टोक मात्र शाळेत समजत नाही. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या गिरण्या हिंदुस्थानच्या बाजारावर जगत होत्या. जागतिक मंदी, इतर देशांची स्पर्धा आणि हिंदुस्थानातील बहिष्कार या साऱ्यांमुळे तेथील गिरण्या बंद पडत होत्या आणि मजूर बेकार होत होते. बाबू गेनूंच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांनी, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले महात्मा गांधी मुद्दाम लँकेशायरला गेले. डार्वेन येथे ते बेकार गिरणी कामगारांना भेटले. ज्यांच्या चुली बहिष्कारामुळे थंडावल्या होत्या, त्यांच्यापुढे ते बसले, त्यांचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले आणि हिंदुस्थानातील खेड्यांचे दारिद्र्य त्यांच्यापुढे मांडले. कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. त्या स्त्रीपुरुषांच्या घोळक्यातले गांधीजींचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल.

एका टोकाला मुंबईचा गिरणी मजूर, दुसऱ्या टोकाला लँकेशायरचा गिरणी मजूर, आणि मध्ये एक कापडाचा तागा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. दोघांचेही हात सुताने झिजले होते. अभ्यास करणाऱ्याने हे दुसरे टोक पाहिले तर बाबू गेनूंचे हौतात्म्य उणे होते काय? मुळीच नाही. गांधीजींनी दुसऱ्या टोकाचे दुःख पाहिले, पण बहिष्काराचे तत्त्व त्यांनी सोडले नाही. समजून घेणे वेगळे आणि मान तुकवणे वेगळे. ज्याच्या विरुद्ध उभे राहायचे त्याच्या घरातली भूकही पाहून घ्यायची, आणि मग उभे राहायचे : असा हा मार्ग आहे. ज्ञान सत्ता गाजविण्यासाठी आहे की न्याय करण्यासाठी, याची कसोटी मला येथे सापडते. दुसऱ्या टोकाचा माणूस आपल्याला आकडा दिसतो की शेजारी दिसतो, एवढेच विचारायचे.

कोणी म्हणेल, ती स्वातंत्र्यलढ्याची गोष्ट झाली. आज खेड्यातल्या मुलाला याचे काय? त्याने ओतूर किंवा आळेफाट्याच्या कांदा बाजारात एक सकाळ काढावी. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तीही टनामागे ५५० डॉलर किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्णपणे रद्द झाले ते १ एप्रिल २०२५ पासून. या काळात जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याने पडलेल्या भावाने कांदा विकला. शहरातल्या मोलकरणीला तो स्वस्तात मिळाला. बांगलादेशातल्या मजुराच्या ताटात तो महाग झाला. यात दुष्ट कोण? सरकारला शिव्या देणे सोपे आहे आणि काही वेळा आवश्यकही आहे. पण शेतकरी, मोलकरीण आणि परदेशातला मजूर या तिघांना एका वेळी डोळ्यांपुढे ठेवून न्याय काय ते ठरवणे, याला शिक्षण लागते. अर्थशास्त्र लागते, शेजारी देशाचा इतिहास लागतो, तहांची भाषा वाचता यावी लागते. तालुक्यात असे शिकलेले कोणी नसेल, तर आपला कांदा कोणाच्या निर्णयाने सडला हे आपल्याला दुसऱ्यांकडून, त्यांना सोयीच्या शब्दांत, ऐकावे लागेल.

आता उलट बाजूचा आक्षेप. जो मुलगा युक्रेन आणि पॅलेस्टाइनविषयी तासभर बोलू शकतो, पण ज्याने माळीण पाहिले नाही, त्याच्या ज्ञानाचे काय करायचे? ३० जुलै २०१४ रोजी पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे मातीखाली गेली. त्याच तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाला बाबू गेनूंचेच नाव दिले आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने गाव त्या पाण्यात गेले, आणि वरच्या खोऱ्यातील महादेव कोळी कुटुंबांच्या जमिनीही बुडाल्या. त्या पाण्यावर खालची शेती फुलली. म्हणजे परदेशी जाणाऱ्या मालाचे एक टोक जसे दूरच्या बंदरात आहे, तसे दुसरे टोक धरणाच्या वरच्या अंगाला, भाताचे खाचर गमावलेल्या आदिवासी घरात आहे. या कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जगाने त्यांची दखल घेतली. पुण्या-मुंबईतल्या आपल्यापैकी किती जणांनी घेतली?

हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. तथापि त्यावरून दूरचे शिकू नये, असा निष्कर्ष निघत नाही. आपला शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभू येशूने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याने उत्तर दिले. आपण तो दाखला इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातला परदेशी माणूस आपल्याला परदेशी वाटेनासा झाला आहे. यरुशलेम ते यरीहो या वाटेवर पडलेल्या जखमी माणसाचे धर्मबांधव त्याला पाहून बाजूने निघून गेले. थांबला तो वेगळ्या लोकांतला, ज्यांच्याशी यहुद्यांचा व्यवहार नव्हता असा माणूस. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली लिहिलेल्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकाचा एक संपूर्ण अध्याय या दाखल्याला वाहिलेला आहे, हे योगायोगाने घडलेले नाही. या दाखल्यात शेजारपण कोसांनी किंवा रक्ताने मोजलेले नाही. पण आणखी एक गोष्ट त्यात आहे. तो शोमरोनी जगभर जखमी शोधीत हिंडला नाही. ज्या वाटेने तो चालला होता, त्याच वाटेवर तो जनावरावरून खाली उतरला, त्याने जखमा बांधल्या आणि खाणावळवाल्याला पैसे दिले. मन दूरच्याला सामावणारे हवे आणि हात जवळच्या जखमेवर हवेत, असे हे दुहेरी शिक्षण आहे.

जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावी याचे एक दृश्य रूप उभे आहे. तेथील विशाल रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात दाटीने उभ्या आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. जवळजवळच्या तबकड्यांमुळे आकाशातील विस्तीर्ण, पसरट गोष्टी टिपता येतात. दूरच्या तबकड्यांमुळे बारीक तपशील स्पष्ट होतात. केवळ जवळच्या ठेवल्या तर चित्र धूसर होईल. केवळ दूरच्या ठेवल्या तर मोठे आकार निसटतील. जगभरचे शास्त्रज्ञ येथे निरीक्षणासाठी अर्ज करतात. शेजारच्या आर्वी येथे १९७१ साली देशाचे पहिले व्यापारी उपग्रह दळणवळण केंद्र उभारले गेले होते. दूरचे ऐकण्यासाठी निवडलेली ही भूमी कांद्याची, द्राक्षाची आणि बिबट्याच्या भीतीने रात्री दार लावून घेणाऱ्या वस्त्यांची आहे. त्या घरातल्या मुलीला दूरचे ऐकावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय?

तेव्हा आईवडिलांनी काय करावे? नकार किंवा होकार देण्यापूर्वी मुलाला तीन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. पहिली : एक परकी भाषा तू तळापर्यंत शिकशील काय? अनेक देशांची नावे पाठ असण्यापेक्षा एका लोकसमूहाची भाषा आणि प्रार्थना कळणे अधिक मोलाचे. दुसरी : सुटीत तू स्वतःच्या तालुक्याचा अभ्यास करशील काय? हिरडा कोण गोळा करतो, त्याचा भाव कोण ठरवतो, बाजारातला कांदा कोणत्या बंदरावर जातो, याची वही तुझ्याकडे असेल काय? ज्याला घरचे टोक ठाऊक नाही, त्याला दुसरे टोक सापडत नाही.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ही पदवी आज नव्या खासगी विद्यापीठांतून मिळते आणि तेथील वार्षिक शुल्क लाखांच्या घरात असते. तालुक्याच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र घेऊन बी. ए. करून, जोडीला पुण्यात परकी भाषा शिकणे, हा कमी खर्चाचा मार्गही आहे, आणि तो कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही. प्रश्न केवळ रकमेचा नाही. मध्यम परिस्थितीच्या घरात एकाच्या शुल्काचे पैसे कोणाच्या तरी वाट्यातून येतात. धाकट्या बहिणीचे शिक्षण बारावीवर थांबते. भाऊ शाळा सोडून ट्रॅक्टरवर बसतो. आई डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षावर ढकलते. हे सारे प्रेमाने आणि मुकाट्याने घडते, म्हणून दिसत नाही. जगातील विषमतेवर निबंध लिहिणाऱ्या मुलाला आपल्या स्वतःच्या शुल्कपावतीचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे, हे ठाऊक असलेच पाहिजे. बहिणीचे शिक्षण थांबवून मिळवलेली जगाची पदवी मला तरी नीतीला धरून वाटत नाही. तसे असेल तर स्वस्तातली वाट धरावी, किंवा वर्षभर थांबावे. थांबल्याने जग कोठे पळून जात नाही. जुन्नरच्या यवनांच्या टाक्यांत दोन हजार वर्षांनंतरही पावसाळ्यात पाणी साचते.

मात्र घरातील सर्वांचा वाटा नीट पाहून, सर्वांशी बोलून एखादे घर मुलाला किंवा मुलीला या वाटेवर पाठवीत असेल, तर त्याने ते निःशंकपणे करावे. आपल्या समाजाला डॉक्टर हवेत, शिक्षक हवेत, परिचारिका हव्यात. तशीच परक्याचे दुःख त्याच्या भाषेत ऐकून आपल्या भाषेत सांगणारी आणि आपले दुःख त्याला समजेल असे मांडणारी माणसेही हवीत. अशी माणसे नसतात तेव्हा दोन्ही टोकांचे मजूर एकमेकांना शत्रू समजतात. ती असतात तेव्हा भांडण मिटतेच असे नाही, पण भांडताना समोर माणूस आहे याचा विसर पडत नाही.